उइनिसे आत्याची नोंद

माझी नणंद तोआकासे शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात ज्ञानकोशातली पानं काढून टाकते. लिहितेही, पण ऑकलंडच्या आमच्या मांगेरे उपनगरातल्या टोंगन लोकांमध्ये तिची ख्याती काढून टाकणारी म्हणूनच आहे. इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश, ज्यात कुणीही उठून लिहू शकतं, तिथे ती बरीच वर्षं फुकट राबते. कुणी आपल्या गल्लीतल्या बँडवर पान लिहितं, कुणी आपल्या पाद्र्यावर, कुणी एकदाच देशाकडून खेळलेल्या चुलतभावावर. मग ते पान ठेवायचं की नाही यावर तिथे चर्चा होते. कासेताई त्या चर्चेत जाऊन शांतपणे विचारते, या माणसाबद्दल त्याच्या गोतावळ्याबाहेरच्या कुणी सविस्तर लिहून छापलंय का? एकाने लिहिलं असेल तर दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे लिहिलंय का? नसेल तर काढा.

आमच्या चर्चच्या गायनवृंदाचं पान तिच्यामुळेच गेलं. तेव्हापासून कुठल्याही जेवणावळीत कुणीतरी तिच्यासमोर ताट ठेवताना विचारतंच, "कासे, हे डुक्कर बिनसंदर्भाचं आहे, चालेल ना?" ती हसते आणि जेवते.

तिच्या या कडकपणाला कारण होतं. आमच्या ओळखीच्या एका माणसाने आपल्या आजोबांवर पान लिहिलं होतं. अमुक बेटावर पहिली शाळा म्हणे त्यांनीच काढली. सगळं स्वतःच्या मनाने. दोन वर्षांत ते चर्चमधल्या प्रवचनात आलं, मग शाळेच्या स्मरणिकेत छापून आलं, आणि ज्या बाईने खरोखर ती शाळा काढली होती तिची मुलं गप्प बसली, कारण आता छापलेलं होतं. ते पान कासेताईने काढायला लावलं. ती मला म्हणाली होती, "अकोसिता, खरं असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. ज्ञानकोशात दुसरंच चालतं. पहिलं तर प्रत्येकाच्या घरात असतं."

माझा नवरा विलिसोनी हा तिचा धाकटा भाऊ. विमानतळावर मालाच्या गोदामात काम करतो, चर्चच्या बँडमध्ये कर्णा वाजवतो. आम्ही पुढच्या घरात राहतो आणि कासेताई एकटी मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत. आमच्यात भाऊ आणि बहीण एकत्र बसून सिनेमा बघत नाहीत, एकमेकांची थट्टा करत नाहीत, भांडणं तर दूरच. बहिणीचा मान मोठा. त्यामुळे घरात भांडायचंच झालं तर मध्ये भावजय लागते. इकडचा राग तिकडे पोचवायचा आणि पोचवताना त्याची धार थोडी बोथट करायची, हे काम लग्नापासून माझ्याकडेच आहे.

तर विलिसोनीने पान लिहिलं ते उइनिसे आत्यावर.

उइनिसे आत्या ही या दोघांच्या वडिलांची थोरली बहीण. टोंगात, हाआपाईच्या बेटांतल्या हाआनोवर राहायची. आमच्यात बापाची बहीण म्हणजे बापाहून मोठी, पण हिचा मान नात्यापुरता नव्हता. ती पुनाके होती. गीत रचायचं, त्याला चाल लावायची आणि त्यावर अख्ख्या गावाला रांगेत उभं करून नाचवायचं, हे तिन्ही ज्याला येतं तो पुनाके. बायकांमध्ये पुनाके फार थोड्या. मासेमारीला गेलेल्या आणि परत न आलेल्या होडीवरचं तिचं गीत आजही सिडनीपासून सॉल्ट लेकपर्यंत टोंगन लोक नाचतात. कासेताईची आई लवकर वारली. तेव्हा कासेताई चार-पाच वर्षं आत्याकडेच वाढली. तिला हाताची मुद्रा नीट आली नाही की आत्या केळीच्या देठाने मनगटावर टिचकी मारायची, असं ती सांगते.

विलिसोनीने लिहिलेलं पान साधं होतं, प्रेमाने लिहिलेलं होतं. त्यात आत्याचा जन्म हाआनोवर झाला असंही होतं. खरं तर ती नोमुका बेटाची, आईच्या माहेरी जन्मलेली. कासेताईने ती चूक पहिल्याच दिवशी पाहिली आणि मला म्हणाली, "त्याला सांग, नोमुका कर. मी हात लावणार नाही, माझी आत्या आहे." मी सांगितलं. तो म्हणाला करतो, आणि राहून गेलं. नातेवाईकांनी पानाची लिंक जगभर फिरवली होती, शुभेच्छांना उत्तरं देण्यातच तो रमला होता.

आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी मला दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "सूनबाई, मी गेले की काय? जिवंत माणसाचं असं लिहितात होय?"

मी म्हटलं, लिहितात, मोठ्या माणसांचं लिहितात.

"मग फोटो बदला. त्यात माझा दात नाहीये."

पान दीड-दोन महिने टिकलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या माथ्यावर पट्टी आली, की ही नोंद काढून टाकावी का, यावर चर्चा चालू आहे. ती लावली होती होबार्टच्या एका म्हाताऱ्याने. तिथे सगळेच टोपणनावाने वावरतात, पण कासेताई त्याला ओळखत होती. दोघांनी वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून खोटी पानं निस्तरली होती. माणूस कोरडा, पण सरळ. त्याने लिहिलं होतं की एक संदर्भ उत्तम आहे, बाकीचे मोजण्यासारखे नाहीत.

तो खोटं बोलत नव्हता. उत्तम संदर्भ म्हणजे टोंगाच्या राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या एका वर्तमानपत्राने पूर्वी बेटावर बातमीदार पाठवून छापलेली पानभर मुलाखत. दुसरा होता चर्चच्या मासिकातला लेख, पण चर्च तिचंच, तेव्हा तो बाहेरचा म्हणता येईना. तिसरं एका परदेशी विदुषीचं नृत्यावरचं जाडजूड पुस्तक. त्यात होडीच्या गीताचं तपशीलवार वर्णन होतं, पण रचनाकार म्हणून नाव होतं आत्याच्याच गावातल्या फिनेआसी मास्तरांचं. आत्याबद्दल तिथे फक्त "गावातल्या एका स्त्रीचंही साहाय्य झालं" एवढंच. पुढे कॅसेटच्या वेष्टनावर, महोत्सवाच्या पत्रिकेवर, सगळीकडे मास्तरांचंच नाव आलं, कारण सगळ्यांनी ते पुस्तक उघडून उतरवलं होतं.

विलिसोनी तापला. माझ्यासमोर येरझारा घालत म्हणाला, "ताईला सांग, एक शब्द टाक म्हणावं. तिचं तिथे ऐकतात. लोकांची पानं काढताना बोलते, आता आपल्या आत्यासाठी बोल म्हणावं."

मी मागच्या अंगणात गेले. कासेताई वह्या तपासत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलेन. पण मी तिची भाची आहे हे पहिल्याच ओळीत लिहीन. आणि ठेवा की काढा हे माझ्या तोंडून येणार नाही. संदर्भ शोधून देते, तेवढं मला चालतं."

तसंच तिने केलं. चर्चेत कॅनडाचा कुणी आत्याच्या बाजूने भांडत होता. संदर्भ किती हवेत याचा आकडा नियमात कुठेच नाही, त्याचं म्हणणं. एकाहून जास्त हवेत असा प्रघात आहे, पण जिथे देशात वर्तमानपत्रंच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, तिथे एक पानभर मुलाखत लंडनच्या दहा बातम्यांएवढी धरावी. मला ते फार पटलं. मी कासेताईला म्हटलं, बघ, परका माणूस आपली बाजू घेतोय.

"घेतोय," ती म्हणाली. "पण तो काय म्हणतोय ते ऐक. बेटावरच्यांना वेगळं माप लावा. आज ते दयेने ठेवतील. उद्या कुणी म्हणेल, टोंगाच्या पानांवर काय विश्वास ठेवायचा, ती तर सवलतीत ठेवलेली. मला आत्या सवलतीत नकोय."

त्याच संध्याकाळी तिने आत्याला फोन लावला आणि मला ऐकता यावं म्हणून स्पीकर चालू केला. तिने विचारलं, त्या गीताबद्दल आणखी कुणी कधी तुझ्याकडे येऊन लिहून घेतलं होतं का. आत्या म्हणाली, रेडिओवाला एक पोरगा आला होता, मोठं वादळ झालं त्या वर्षी. दोन दिवस राहिला, गाऊन घेतलं, सगळं विचारलं, रेडिओवर लावलंसुद्धा.

"आणि मास्तरांचं नाव कसं गं आलं पुस्तकात?"

"अगं, फिनेआसी बिचारा वाईट नव्हता. पुरुषांच्या रांगा त्यानेच बसवल्या. ती गोरी बाई आली तेव्हा तो दारात उभा होता आणि त्याला इंग्रजी यायचं. मी आत पोरींच्या अंगाला तेल लावत होते, नाच सुरू व्हायचा होता ना. तिने विचारलं कुणाचं, तो म्हणाला आमचं. 'आमचं' म्हणजे गावाचं. तिने लिहिलं त्याचं."

"तू नंतर सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? नाचताना कळतंच की कुणाचं आहे ते." मग ती खोकली आणि म्हणाली, "कासे, तुम्ही पोरं भांडू नका त्या पानावरून. विलीला म्हणावं, फोटो बदलला का?"

कासेताईने नुकुआलोफाच्या त्या लहानशा रेडिओ केंद्राला लिहिलं. शुक्रवारी तिथून उत्तर आलं की जुन्या फिती समुद्राकडच्या गोदामात आहेत, सोमवारी माणूस पाठवतो, सापडली तर प्रसारणाच्या तारखेसह दाखला देतो. तिने ते चर्चेत नोंदवलं. होबार्टच्या म्हाताऱ्याने लिहिलं, "वाट पाहू. मला आनंदच होईल."

शनिवारी संध्याकाळी आमच्या खिडक्या हादरल्या. दूर कुठेतरी तोफा डागल्यासारखा आवाज आला आणि शेजारची कुत्री भुंकत सुटली. आम्हाला वाटलं गडगडतंय. नंतर कळलं, टोंगाचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला होता, आणि त्याचा आवाज एवढा समुद्र ओलांडून आमच्यापर्यंत आला होता. किनाऱ्यावर लाट आली, आभाळातून राख पडू लागली, समुद्राखालची केबल तुटली. फोन बंद, इंटरनेट बंद. अख्खा देश गप्प झाला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगवत नाही. मांगेरेतला प्रत्येक टोंगन माणूस फोन हातात घेऊन झोपायचा. विमानातून काढलेले फोटो आले, त्यात हिरवी बेटं सिमेंट ओतल्यासारखी राखाडी दिसत होती. आम्ही पिंपांत तांदूळ, पाणी, मटणाचे डबे, मेणबत्त्या भरत होतो. झाकणावर माणसांची नावं घालत होतो, आणि ती माणसं आहेत की नाहीत ते माहीत नव्हतं. कासेताईने आत्याच्या पिंपात दम्याचा पंप टाकला. विलिसोनीने उशी टाकली.

ज्ञानकोशातली चर्चा मात्र चालूच होती. तिला काय, ती जगाच्या घड्याळाने चालते. म्हाताऱ्याने आपण होऊन लिहिलं की टोंगाचा संपर्क तुटलाय, मुदत वाढवावी. वाढवली. तीही संपत आली. रेडिओकडून काही येणं शक्यच नव्हतं. शेवटच्या दिवशी एका बाईने, वाईट हेतूने नव्हे, थेट कासेताईला विचारलं, तुम्ही आमच्यापेक्षा जुन्या आहात. ही बाई तुमची कुणी नसती, तर आज, आहे त्या पुराव्यावर, तुम्ही काय म्हटलं असतं?

कासेताई माझ्या स्वयंपाकघरात बसून हे वाचत होती. विलिसोनी पिंपं गाडीत चढवायला गेला होता. तिने प्रश्न मला वाचून दाखवला. मी म्हटलं, उत्तर देऊ नकोस, कुणी बांधलंय तुला?

"तिने सरळ विचारलंय," ती म्हणाली. आणि लिहिलं, "काढा म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी पान गेलं.

विलिसोनीने मला फक्त एवढंच विचारलं, "तिनेच लिहिलं का ते?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तो मागच्या अंगणाच्या बाजूची खिडकी बंद ठेवू लागला.

आत्याची बातमी पुष्कळ दिवसांनी आली. पाद्र्याच्या उपग्रह फोनवरून नुकुआलोफाच्या एका नातलगाला, आणि त्याच्याकडून आम्हाला. लाट तिच्या घरापर्यंत आली नव्हती. पण राख श्वासात गेली, टाकीतलं पाणी खराब झालं, छाती भरली. ज्वालामुखी फुटल्यानंतरच्याच आठवड्यात ती गेली होती. म्हणजे इकडे आम्ही तिच्या पिंपात पंप ठेवत होतो, तिच्या पानाची मुदत वाढवून मागत होतो, तेव्हा ती वाळूखाली होती.

करोनामुळे सीमा बंद होत्या, जाणं शक्यच नव्हतं. बापाच्या बहिणीच्या मयताला भावाची मुलं मानाने सगळ्यात खालची. कमरेला मोठी जाडीभरडी, विरलेली चटई गुंडाळायची, मागे राहून राबायचं, केस कापायचे. आम्ही ते आमच्या गॅरेजमध्येच केलं. मागच्या पायरीवर बसवून मीच कासेताईचे केस कापले. कमरेपर्यंत होते, मानेपर्यंत आणले. ती म्हणाली, "आणखी." मी आणखी कापले. विलिसोनी पुढे मयताच्या जेवणासाठी जमिनीतल्या चुलीत दगड तापवत होता, त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

केबल जोडली गेली आणि तिकडून टपाल येऊ लागलं. रेडिओ केंद्राचंही उत्तर आलं. गोदामात पाणी शिरलं होतं, फिती गेल्या. क्षमा मागितली होती आणि सांत्वन केलं होतं.

मग ऑकलंडमधल्या टोंगन लोकांच्या एका वर्तमानपत्रात आत्याचा मृत्युलेख आला. चांगला, अर्धं पानभर. पाठोपाठ सिडनीच्या एका संकेतस्थळावर दुसरा. विलिसोनीने दोन्ही मला वाचून दाखवले आणि त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी तो जेवला म्हणावा असा जेवला. म्हणाला, "आता झाले ना? मुलाखत एक, हे दोन. आता काय म्हणतील?" त्याने ज्ञानकोशाकडे अर्ज केला की पान परत आणा. होबार्टच्या म्हाताऱ्याने सगळ्यात आधी कौल दिला. आता पुरेसं आहे, परत आणावं, आणि कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. कुणाचाच विरोध नव्हता.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर कासेताई आली. मी कपडे वाळत घालत होते. तिने मृत्युलेख छापून आणला होता, तो माझ्यासमोर धरून म्हणाली, "वाच."

मी म्हटलं, वाचलाय की, विलीने मोठ्याने वाचला.

"पुन्हा वाच. 'तिची गीते समुद्राकडे पाठ करून गायली जात नाहीत.' हे कुणाचं वाक्य आहे?"

ते विलिसोनीचं वाक्य होतं. पानासाठी त्याने ते माझ्या मदतीने चार वेळा खोडून लिहिलं होतं. खाली आणखी तीन होती. आणि जन्म होता हाआनोवर.

तिने त्या वार्ताहराला फोनही केला होता. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, बाई, मी डिसेंबरमध्ये ते पान उतरवून ठेवलं होतं, तिकडचा फोन लागत नव्हता, मी दुसरं कुणाला विचारणार होतो? सिडनीच्यांनी तर त्याच्यावरूनच घेतलं होतं.

मी चिमटे टोपलीत टाकले. "म्हणजे दोन नाहीत."

"म्हणजे एकही नाही. विलीचंच लिहिलेलं फिरून विलीकडे आलंय."

"कासेताई," मी म्हटलं, "हे कुणाला ठाऊक आहे?"

"काढलेलं पान इतरांना दिसत नाही. तुला, मला आणि त्या वार्ताहराला. विलीला आनंदाच्या भरात आपलीच वाक्यं ओळखू आली नसतील."

"मग गप्प बस. हात जोडते. यात खोटं काय आहे? गीत तिचंच, तिने रचलं हे खरंच आहे. एका बेटाचं नाव चुकलं, ते मागाहून दुरुस्त कर. यात कुणाचं काय जातंय?"

ती वाळत घातलेल्या चादरीला धरून उभी राहिली. "आत्याचं गीत मास्तरांचं कसं झालं, सांग. त्या बाईने एकदा लिहिलं. मग कॅसेटवाल्याने तिच्यावरून, पत्रिकेवाल्याने कॅसेटवरून. कुणीच खोटं बोललं नाही. प्रत्येकाने फक्त उतरवलं. चाळीस वर्षं मी मनातल्या मनात त्या लोकांना विचारते, की तुम्ही एकदा बेटावर जाऊन विचारलं का नाही. आणि आता तेच मी करू? आपल्या सोयीचं आहे म्हणून?"

"ती तुला वाढवणारी होती."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि मृत्युलेखाची घडी घालत मागच्या खोल्यांकडे गेली.

तिने लिहिलं. कुठलं वाक्य कुठून आलं ते समोरासमोर मांडून. चूक भावाची म्हणून नव्हे, नावं न घेता. होबार्टच्या म्हाताऱ्याने आपला कौल मागे घेतला आणि खाली लिहिलं की हे लिहायला काय लागलं असेल याची मला कल्पना आहे. कल्पना त्याला नव्हती. असणार कशी? पान परत आलं नाही. हाआनो बेटाच्या पानावर एक ओळ तेवढी राहिली, की होडीच्या गीताची रचना काही नोंदींनुसार फिनेआसी यांची, तर एका मुलाखतीनुसार उइनिसे यांची. त्या ओळीसाठीही कासेताई भांडली होती. मुलाखतीतलं नाव आधी घ्या म्हणून. ते त्यांनी ऐकलं नाही.

विलिसोनी ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याला तिच्यावर ओरडता येत नाही आणि या वेळी त्याने माझ्याकरवीही काही पाठवलं नाही. मी विचारलं, काही सांगायचंय का तिला? म्हणाला, "मला बहिणीबद्दल काही बोलायचं नाही." रविवारी चर्चमधून आल्यावर मी मागे ताट न्यायची, तेव्हा आधी तो स्वतः त्यात मांसाचा चांगला तुकडा ठेवायचा. ते थांबलं. नंतर मीच ठेवू लागले.

सीमा उघडल्यावर, थडगं बांधायला, आम्ही तिघं हाआनोला गेलो. राख पावसाने धुऊन गेली होती, फक्त छपरांच्या पन्हाळीत कुठे कुठे उरली होती. विलिसोनीने दोन दिवस एकट्याने खपून थडग्यावर पांढरी वाळू पसरली, काळे गोटे रचले. कासेताई त्या वेळात गावातल्या म्हाताऱ्यांकडे फिरली. ज्या बायका पहिल्यांदा ते गीत नाचल्या होत्या, त्यांतल्या मोजक्याच उरल्या होत्या. तिने प्रत्येकीचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मी तिच्याबरोबर होते.

मानूफो नावाची एक म्हातारी होती, रांगेत आत्याच्या शेजारी उभी राहिलेली. तिला दिसत नव्हतं. कासेताईने विचारलं, गीत कुणाचं? ती म्हणाली, उइनिसेचं, आणखी कुणाचं असणार. मास्तरला चाल धरता यायची नाही. मग म्हणाली, "पण शेवटचा भाग, होडी हाक मारते तो, तो तिच्या आईचा. नोमुकाहून आणलेला. उइनिसे आम्हाला शिकवताना सांगायची, हा आईचा आहे, हळू म्हणा."

"तिच्या आईचं नाव काय होतं?" कासेताईने विचारलं. तिच्या स्वतःच्या आजीचं नाव. घरात सगळे तिला नोमुकाची म्हणत, आणि चर्चच्या दप्तरात नवऱ्याचं नाव लावून लिहिलेलं.

म्हातारीने बराच विचार केला. "आम्ही तिला आईच म्हणायचो," ती म्हणाली.

दुसऱ्या दोघींनाही विचारलं. एक म्हणाली मेलेलुआ, दुसरी म्हणाली छे, ती तर बहीण. कासेताईने यंत्र बंद केलं. बाहेर आल्यावर ती नीरफणसाच्या झाडाला टेकून उभी राहिली आणि तोंडावर हात घेऊन रडली. आत्या गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी तिच्याजवळ उभी राहिले.

हाआपाईच्या मुख्य गावाकडे, पांगाईकडे परतताना होडी लहान होती. विलिसोनी पुढे नाळेवर बसला, कासेताई मागे इंजिनाशी, आणि दोघांच्या मधल्या फळीवर मी. गावातल्या बायकांनी पानात भाजलेलं मांस आणि रताळी बांधून दिली होती. अर्ध्या वाटेवर समुद्र जरा शांत झाला. मी पान सोडलं. आधी विलिसोनीला दिलं, त्याने घेतलं आणि पाण्याकडे बघत खाऊ लागला. मग चांगला मऊ तुकडा निवडून मी मागे सरकत गेले आणि कासेताईच्या हातात ठेवला.

इंजिनाच्या आवाजात ती माझ्या कानाशी वाकली. "विलीने दिलं?"

"हो," मी म्हटलं.

तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांत धरून, सावकाश, सगळं खाल्लं.